काकूंचा फ्लॅट आणि दिल्लीतलं भाषण

आमच्या बचत गटाच्या हिशेबनीस काकूंचा हिशेब कधी चुकत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं नोकरी झालेली, हजेरीपटावर रेघा ओढाव्यात तशी त्यांची वही. पण २०२४ च्या जुलैमधल्या शेवटच्या शनिवारी त्यांनी दोनदा बेरीज केली आणि दोन्ही वेळा वेगळी आली. शेवटी वही मिटून त्या म्हणाल्या, "आज तूच मोज बाई. माझं डोकं ठिकाणावर नाही."

बायका घरी गेल्यावर मी चहा टाकला आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. दुसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. काकांना खाली आणायचं म्हणजे शेजारची दोन पोरं बोलवायची आणि खुर्चीत बसवून उचलायचं. म्हणून दोघांनी ठरवलं, की हा फ्लॅट विकायचा आणि गावाकडे, वाटणीत आलेल्या घरात राहायला जायचं. तिथे जिना नाही, मागे परस आहे, दीर-जाऊ हाकेच्या अंतरावर. फक्त घराची दुरुस्ती करायची, आत संडास-बाथरूम बांधून घ्यायचं, आणि उरलेले पैसे काकांच्या औषधपाण्यासाठी ठेवायचे. फ्लॅट काकूंच्या नावावर. २००३-०४ साली स्वतःच्या पगारातून कर्ज काढून घेतलेला, खर्चासकट चार लाख पडले होते. गिऱ्हाईक मिळालं सोळा लाखांचं. जुलैच्या सुरुवातीला इसार झाला. घेणाऱ्याचं बँकेचं कर्ज मंजूर व्हायचं होतं, म्हणून खरेदीखत ऑगस्टवर गेलं.

आणि मध्ये, २३ जुलैला, केंद्राचं बजेट आलं.

काकूंनी कर सल्लागाराला विचारून ठेवलं होतं. आधी त्यांनी कराचा आकडा पन्नास-पंचावन्न हजार सांगितला होता. बजेटनंतर तेच गृहस्थ म्हणाले, "बाई, आता दीड लाख धरून चाला."

"अगं, घर तेच, किंमत तीच, गिऱ्हाईक तेच. मग पंधरा दिवसांत माझे लाख रुपये कुठे गेले?" काकूंनी मला विचारलं.

खरं सांगते, मलाही उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं माझं. 'धन विधेयक – टीप लिहा, पाच गुण' ही टीप मी पाठ करून लिहून आले होते. पण त्या धन विधेयकाचा काकूंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराशी काय संबंध, ते कुणी शिकवलं नव्हतं. त्या संध्याकाळपासून मी तो शोधायला लागले. त्यात जे समजलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

लाख रुपये गेले कुठे?

मैत्रिणींनो, घर विकून जो नफा होतो त्यावर सरकार कर घेतं. पण नफा मोजायचा कसा, यातच सगळी गंमत आहे. काकूंनी चार लाखांना घेतलं, सोळा लाखांना विकलं, म्हणजे नफा बारा लाख, असं आपण पटकन म्हणू. पण २००३ सालचे चार लाख आणि आजचे चार लाख सारखे आहेत का? तेव्हा चार लाखांत दोन खोल्यांचं घर आलं, आज चार लाखांत काय येतं, ते तुम्हीच सांगा. वाढलेल्या किमतीतला मोठा भाग नफा नसतोच, ती नुसती महागाई असते.

ही गोष्ट कायद्यालाही मान्य होती. म्हणून सरकार दरवर्षी एक आकडा जाहीर करतं, त्याला महागाई निर्देशांक म्हणतात. २००१-०२ साल शंभर धरलं, तर २००३-०४ चा आकडा १०९ आणि २०२४-२५ चा ३६३. काकूंच्या चार लाखांना ३६३ ने गुणायचं आणि १०९ ने भागायचं. उत्तर येतं तेरा लाख बत्तीस हजारांच्या आसपास. म्हणजे कायदा म्हणायचा, की बाई, तुमचं घर आजच्या पैशांत तुम्हाला १३ लाख ३२ हजारांना पडलं. सोळा लाखांतून ते वजा करा, उरलेल्या २ लाख ६८ हजारांवर २० टक्के कर द्या. तो झाला साधारण साडेत्रेपन्न हजार. यालाच इंडेक्सेशन म्हणतात.

२३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये कराचा दर २० टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला. ऐकायला किती छान! टीव्हीवर तर आधी तेवढंच कळलं. पण त्याच फटक्यात इंडेक्सेशन काढून टाकलं, तेही त्याच दिवसापासून. आता नफा सरळ बारा लाख, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे दीड लाख. दर कमी झाला आणि कर जवळपास तिप्पट झाला. वरचा चार टक्के उपकर दोन्हीकडे वेगळा. (काकूंची पेन्शन असल्यामुळे मूळ सूट तिथेच संपते. जिला दुसरं उत्पन्न नाही, तिचा हिशेब थोडा वेगळा येईल.)

सरकारची बाजूही सांगायला हवी. अर्थ खात्याचं म्हणणं असं, की कर सोपा करायचा आहे, आणि घरांच्या किमती महागाईपेक्षा पुष्कळ वेगाने वाढतात, त्यामुळे बहुतेकांना नवी पद्धत फायद्याचीच पडेल. त्यांनी हिशेबही दिला. घर दहा वर्षं जवळ असेल आणि किंमत २.४ पट किंवा त्याहून जास्त झाली असेल, तर नवीन पद्धतीत कर कमी बसतो. २००९-१० साली घेतलेल्या घराची किंमत ४.९ पट व्हायला हवी. हिशेब बरोबर आहे, मी वहीत करून पाहिला.

पण काकूंच्या घराला हाच हिशेब लावला, तर ते सातपटीहून जास्त वाढायला हवं होतं. म्हणजे चार लाखांचे एकोणतीस लाख व्हायला हवेत! मुंबई-पुण्यात, मेट्रोच्या वाटेवर, आयटी कंपन्यांच्या शेजारी असं होत असेल. आमच्या तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडमागच्या गल्लीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वीस वर्षांत घर चौपट झालं, हेच नवल. म्हणजे ज्याचं घर भरभर वाढलं त्याला सवलत, आणि ज्याचं महागाईच्या मागे धापा टाकत चाललं त्याला भुर्दंड. मला स्वतःला हे समजलं, तेव्हा काकूंची बेरीज का चुकली तेही समजलं.

सोपा रस्ता

असा पेच पडला की सोपा रस्ता दाखवणारे लगेच हजर होतात. मधल्या दलालाने काकूंना सुचवलं, "कागदावर बारा दाखवू, चार रोख घ्या. कोण विचारतंय? सगळे करतात."

काकूंनी मला विचारलं, "काय करू गं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "ह्या वयात खोटी सही करू होय मी? आणि रोख चार लाख घरात ठेवून रात्री झोप लागेल का, ह्यांना तर उठताही येत नाही."

तत्त्व बाजूला ठेवलं तरी काकूंचा व्यवहारही बरोबरच होता. कागदावरची किंमत सरकारी रेडी रेकनरच्या किमतीपेक्षा फारच खाली गेली, तर कर रेडी रेकनरच्याच आकड्यावर लागतो. आणि उद्या काही वाद झाला तर रोख दिलेल्या पैशांचा पुरावा कुठून आणायचा? पण मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सरळ वागणाऱ्या बाईला लाखाचा दंड आणि वाकड्या वाटेने जाणाऱ्याचं मात्र भलं, हा कुठला न्याय?

नेमकी हीच गोष्ट दोन दिवस आधी दिल्लीत कुणीतरी बोलून गेलं होतं, आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

ज्याच्या हातात काही नाही, त्याचं भाषण

२५ जुलै २०२४ ला राज्यसभेत बजेटवर चर्चा चालू होती. आम आदमी पक्षाचे राघव चढ्ढा हे त्या वेळी पंजाबातून निवडून आलेले, विरोधी बाकांवरचे खासदार. शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांचं भाषण मी नंतर मोबाइलवर ऐकलं, मेथी निवडता निवडता. आपण कर इंग्लंडसारखा भरतो आणि सोयी मात्र सोमालियासारख्या मिळतात, असं ते म्हणाले. हे वाक्य देशभर गाजलं. दहा रुपये कमावले तर सात-आठ रुपये कुठल्या ना कुठल्या करात जातात, असंही म्हणाले. हा आकडा मला जरा ताणलेला वाटला. विरोधी पक्षाचं भाषण म्हटलं की थोडं मीठ-मसाला असणारच, तो आपणच चाखून घ्यायचा.

पण पुढे ते घराच्या करावर आले, आणि माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. इंडेक्सेशन काढल्याने काय होईल, ते त्यांनी सांगितलं: घरांमधली गुंतवणूक कमी होईल, लोकांना मनासारखं घर घेता येणार नाही, आणि व्यवहारात काळा पैसा शिरेल. शेवटचा मुद्दा ऐकून मी तर उडालेच. आमच्या गल्लीतल्या दलालाचं बोलणं कुणी थेट संसदेत नेऊन ठेवावं, तसं झालं.

आता राज्यशास्त्रातल्या त्या पाच गुणांच्या टिपेकडे येते. बजेटमधले कर ज्या विधेयकाने लागू होतात, त्याला वित्त विधेयक म्हणतात, आणि ते धन विधेयक असतं. अशा विधेयकात राज्यसभेला एक स्वल्पविरामसुद्धा स्वतःहून बदलता येत नाही. ती फक्त शिफारस करू शकते, तीही चौदा दिवसांच्या आत, आणि ती मानायची की नाही हे लोकसभेने ठरवायचं. त्यात हे खासदार विरोधी पक्षाचे. म्हणजे या माणसाच्या हातात काय होतं? मत होतं, पण बहुमत नव्हतं. बोलायला मिनिटं होती, तीही पक्षाच्या वाट्याला आलेली, मोजून.

मग बोलून उपयोग काय? आपणही हेच म्हणतो ना, ग्रामसभेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कधी कधी घरातसुद्धा? "बोलून काय होणार आहे!"

पण ते एकटेच बोलत नव्हते. विरोधी पक्षांचे इतर खासदार बोलत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती, घरबांधणी क्षेत्रातले लोक निवेदनं देत होते, आणि ज्यांनी आयुष्यात एकच घर घेतलं ते हजारो लोक आपापले आकडे मांडून विचारत होते, की हे असं कसं? आणि ६ ऑगस्टला बातमी आली, की सरकार दुरुस्ती करतं आहे. ७ ऑगस्ट २०२४ ला लोकसभेने दुरुस्तीसह वित्त विधेयक मंजूर केलं.

दुरुस्ती अशी: जे घर किंवा जमीन २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली आहे, ती विकताना दोन्ही पद्धतींनी कर काढा. इंडेक्सेशन धरून २० टक्के किंवा न धरता साडेबारा टक्के. जो कमी येईल तो भरा.

श्रेय कुणाचं, या वादात मला पडायचं नाही. एका भाषणाने कायदा बदलला असं म्हणणं खोटं होईल. पण कुणीच बोललं नसतं तर तो बदलला असता का, हेही स्वतःला विचारून पाहा. सरकारने ऐकलं, हेही चांगलंच म्हणायचं.

काकूंचं खरेदीखत ऑगस्टच्या शेवटी झालं. पूर्ण सोळा लाखांचं, चेकने. जुन्या पद्धतीने हिशेब केला आणि शहाण्णव हजारांहून अधिक रुपये वाचले. गावाकडच्या घरात आत संडास-बाथरूम झालं, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसला, आणि काका आता वॉकर घेऊन पडवीपर्यंत येतात. त्या बाथरूमला आम्ही गटातल्या बायका गमतीने 'दिल्लीचं बाथरूम' म्हणतो.

अर्धाच सुटलेला प्रश्न

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ही निवड जुन्या घरांनाच मिळाली. २३ जुलै २०२४ ला किंवा त्यानंतर ज्यांनी घर घेतलं, त्यांना विकताना महागाईची वजावट नाही, असंच ती दुरुस्ती सांगते. म्हणजे काकू सुटल्या, पण आपल्या मुली-सुना आज कर्ज काढून जे घर घेत आहेत, त्यांचं काय? वीस वर्षांनी त्यांनाही दुसऱ्या मजल्यावरून खाली यावं लागेल. आणखी एक. ही निवड भारतात राहणाऱ्यांनाच आहे, अनिवासी भारतीयांना नाही. आपल्याकडे आता घरटी कुणी ना कुणी परदेशात असतं. वडिलांचं घर विकलं, भाऊ साताऱ्यात आणि बहीण अमेरिकेत असेल, तर एकाच घराच्या सारख्या वाट्यावर दोघांचा कर वेगळा येऊ शकतो. वाटणी ठरवताना हे डोक्यात असू द्या, नाहीतर मागाहून मनं दुखावतात.

अशी उदाहरणं पूर्वीही झाली. सॅनिटरी नॅपकिनवर १ जुलै २०१७ पासून १२ टक्के जीएसटी लागला. बायकांच्या गरजेच्या वस्तूवर कर कशासाठी, हा प्रश्न सुष्मिता देव यांनी लावून धरला होता. त्या तेव्हा आसाममधल्या सिलचरच्या काँग्रेस खासदार, म्हणजे विरोधी बाकांवरच्या. त्यांच्या अर्जावर लाखो सह्या झाल्या. देशभरातल्या बायकांनी आवाज उठवला, आणि जुलै २०१८ मध्ये तो कर पूर्ण गेला. आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढा, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये विरोधी खासदार संसदेच्या दारात उभे राहिले होते. सत्ताधारी पक्षाचे मंत्री नितीन गडकरी यांनीही त्याआधी अर्थमंत्र्यांना तसं पत्र लिहिलं होतं. वैयक्तिक पॉलिसींवरचा तो कर २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. त्याच दिवसापासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. घरकुलाचं काम काढलेल्या बाईला सिमेंटच्या गोणीमागे काय फरक पडतो, ते तिलाच विचारा.

आणि आपल्या महाराष्ट्राला तर ही परंपरा नवी नाही. मृणाल गोरे आठवतात ना? गोरेगावच्या बायकांसाठी नळाला पाणी मागून 'पाणीवाली बाई' झालेल्या मृणालताई विधानसभेत पुष्कळ वर्षं विरोधी बाकांवरच होत्या. महागाईविरुद्ध बायकांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले ते त्यांच्या आणि त्यांच्या सहकारी मैत्रिणींच्या पुढाकाराने. कमी उत्पन्नाच्या लोकांना मुंबईत हक्काचं घर मिळावं म्हणून त्यांनी नागरी निवारा परिषदेचं काम उभं केलं, आणि दिंडोशीला हजारो कुटुंबांची घरं झाली. सत्ता हातात नसताना!

कुठल्या करासाठी कुठलं दार?

गटात हे सगळं सांगितलं, तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "पण ताई, आमची घरपट्टी वाढली, त्याचं खासदार काय करणार?" प्रश्न रास्त होता. दार चुकलं की चपला झिजतात आणि काम होत नाही. म्हणून मी त्यांना सांगितलं, ते इथेही लिहिते.

घरपट्टी ठरते नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. तिथे नगरसेवक, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभा. घर घेताना लागणारं मुद्रांक शुल्क राज्याचं. त्यासाठी आमदार. घर विकल्यावरचा प्राप्तिकर केंद्राचा. तिथे खासदार. आणि जीएसटीचे दर ठरतात जीएसटी परिषदेत, जिथे केंद्राचे आणि सगळ्या राज्यांचे अर्थमंत्री बसतात, म्हणून तिथे आमदार-खासदार दोघांनाही विचारायचं. कायद्याच्या आधाराशिवाय कुठलाही कर घेता येत नाही, असं आपली राज्यघटनाच सांगते. आणि कायदा करणारी माणसं आपल्याच मतावर तिथे गेलेली असतात.

खासदारांकडे प्रश्न विचारायचे मार्गही असतात. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, अतारांकित प्रश्नाला लेखी. शून्य प्रहरात तातडीचा विषय मांडता येतो. लोकसभेत तर खात्याच्या खर्चावर कपात सूचना देता येते. एखाद्या खात्याची मागणी कमी करून एक रुपया करावी, असा प्रस्ताव म्हणजे त्या खात्याच्या धोरणावरच नापसंती. या सूचना बहुधा पडतात, पण निमित्ताने विषय नोंदीत जातो. आणि आपण सामान्य माणसंही लोकसभेच्या याचिका समितीकडे अर्ज करू शकतो, हे मला परवापरवा कळलं.

आपल्या गावात खासदार येतात ते सत्यनारायणाला, लग्नाला आणि उद्घाटनाला. हार घालतो, फोटो काढतो, जेवायला बसवतो. पुढच्या वेळी फोटोबरोबर एक कागदही द्या. चार ओळींचा, आकड्यांसकट. "आमच्या घराचं असं झालं, सभागृहात विचाराल का?" खासदार सत्ताधारी असो की विरोधी, कागद द्यायलाच हवा. सत्तेतल्याला तो मंत्र्यांपर्यंत नेता येतो, विरोधातल्याला तो मोठ्याने वाचता येतो. दोन्ही लागतं.

कपाटातली फाईल

आता घरातलं थोडं. काकूंचा हिशेब झटपट झाला, कारण त्यांच्याकडे २००३ सालचं खरेदीखत, नोंदणीची पावती, कर्जाचे कागद, सगळं एका फाईलमध्ये होतं. आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल, की आपलं घर कुणाच्या नावावर आहे, कधी घेतलं, कितीला? सहज म्हणून गटात विचारलं, तर निम्म्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. "ह्यांना माहीत असेल," हेच उत्तर.

तेव्हा आजच कपाट उघडा. खरेदीखत पाहा, त्यावरची तारीख आणि रक्कम वहीत लिहा. पहिल्यापासून किती नवी बांधकामं केली, खोली वाढवली, स्लॅब टाकला, त्याच्या पावत्या ठेवा, कारण तोही खर्च हिशेबात धरता येतो. घर २००१ च्या आधीचं असेल, तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. त्यासाठी सरकारमान्य मूल्यांकन करून घ्यावं लागतं. वारशाने आलं असेल तर ज्यांच्याकडून आलं त्यांची मूळ खरेदी पाहतात, म्हणून सासऱ्यांचे कागद रद्दीत घालू नका. घर विकून ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं किंवा बांधलं, तर नफ्यावर सवलत मिळू शकते. पण असलेल्या घराची नुसती दुरुस्ती त्यात बसत नाही, असं काकूंना सांगण्यात आलं होतं. म्हणून व्यवहाराच्या आधी जाणकाराला विचारा, नंतर नव्हे.

आणि नवीन घर घेत असाल तर आग्रह धरा, आपल्या नावावर घ्या. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळायला लागली. आधी त्यात अट होती, की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये निघाली. तीस लाखांच्या घरावर एक टक्का म्हणजे तीस हजार. नवऱ्याला हा आकडा सांगून पाहा, प्रेमापेक्षा लवकर पटतो!

परवा काकूंचा गावाहून फोन आला. आता त्या गटात नाहीत, पण हिशेबाची चौकशी करतात. मी म्हटलं, "काकू, नवीन हिशेबनीस जरा कच्ची आहे." त्या म्हणाल्या, "कच्ची असू दे. बेरीज शिकवता येते. विचारायला लाजते का, ते बघ."

पुढच्या बैठकीत मी तेच बघणार आहे. आणि हो, येत्या बजेटच्या दिवशी दुपारी गटातल्या सगळ्या जणी आमच्याकडे जमणार आहोत. भाजी निवडायला घेऊनच या म्हटलंय. पण या वेळी टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचा, आणि बजेटनंतर समोरच्या बाकांवरून कोण काय विचारतं, तेही ऐकायचं.